एकाच डब्यात गियरबॉक्स आणि डिफरन्शियल: फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा ट्रान्सॲक्सल कसा चालतो, कसा तपासायचा, कसा सांभाळायचा

बोलेरो रॅम्पवर चढलेली असेल तर तिच्याखाली डोकावून बघा. पुढे गियरबॉक्स, तिथून मागे जाणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या एक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचं, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गियरच्या जुळणीचं, फुगीर लोखंडी घर. गियरबॉक्सचं तेल वेगळं, डिफरन्शियलचं वेगळं. आता शेजारच्या स्विफ्टखाली वाका. मागे सायलेन्सर, पेट्रोलची टाकी आणि नुसती फिरणारी दोन चाकं. सगळा कारभार बॉनेटखाली, आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या टोकाला जोडलेल्या एका ॲल्युमिनियमच्या डब्यात. गियर त्यात, डिफरन्शियल त्यात, आणि दोघांना मिळून तेल एकच. हा डबा म्हणजे ट्रान्सॲक्सल.

एकच तेल, ही गोष्ट डोक्यात पक्की बसवून पुढे वाचा. डिफरन्शियलच्या पिनचा भुगा झाला की तो तेलातून गियरच्या बेअरिंगमध्ये जातो. गियरचा दात तुटला तर तो क्राऊनच्या, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणाऱ्या मोठ्या गियरच्या, दातात सापडू शकतो. म्हणून "गियरबॉक्स ठणठणीत आहे, फक्त डिफरन्शियल गेलंय" असं कोणी सांगितलं, तर डबा उघडून बाकीची बेअरिंग बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

ही रचना तशी जुनी आहे. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत गियरबॉक्स इंजिनाच्या खाली, इंजिनाच्याच तेलात बसवला होता. इंजिन आडवं आणि गियरबॉक्स त्याच्या टोकाला, ही आजची मांडणी १९६४ च्या इटालियन ऑटोबियांची प्रिमुलात आली. आपल्याकडे ती घरोघरी पोचवली मारुती ८०० ने, डिसेंबर १९८३ पासून. त्याआधीच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजूनही गियरबॉक्स आणि डिफरन्शियल वेगवेगळे येतात, ते त्यामुळेच.

ताकद कुठून कुठे जाते

क्लच दाबलेला नसेल तर इंजिनाची ताकद फ्लायव्हीलवरून क्लच प्लेटला आणि तिथून इनपुट शाफ्टला मिळते. त्याला समांतर दुसरा, आउटपुट शाफ्ट. दोघांवर गियरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. तुम्ही दांडा हलवता तेव्हा दातांत दात घातले जात नाहीत, ते आधीच अडकलेले आहेत. प्रत्येक जोडीतला एक गियर आपल्या शाफ्टवर मोकळा फिरत असतो. दांड्याने सरकते ती स्लीव्ह, आणि ती या मोकळ्या गियरला शाफ्टशी कुलूपबंद करते. पण त्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो. ते काम पितळी सिंक्रो रिंगचं. ती गियरच्या शंकूवर घासते, वेग जुळवते आणि जुळेपर्यंत स्लीव्हला अडवून धरते. गियर टाकताना क्षणभर जो नाजूक विरोध हाताला जाणवतो, तो या रिंगचा असतो. जोर लावून तो मोडायचा नाही, अर्धा सेकंद थांबायचं.

रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रो नसतो. तिथे सरळ दातांचा एक आयडलर गियर खरोखरच सरकून मध्ये घुसतो. मागे जाताना येणारा घुंई आवाज या सरळ दातांचा आहे, बिघाडाचा नाही. रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद मोजा आणि मग टाका. तरीही खरखर थांबली नाही तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. गियरबॉक्सला हात लावण्याआधी क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक बघा.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या नेहमीच्या गाड्यांत चौथा गियर बहुधा 'डायरेक्ट' असतो, म्हणजे ताकद एकाही दाताला न लागता सरळ निघून जाते. आपल्या दोन शाफ्टच्या डब्यात ही सवलत नाही. प्रत्येक गियरमध्ये ताकद एका जोडीतून जातेच.

आउटपुट शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राऊन गियरला फिरवतो. समजा पिनियनला १७ दात आणि क्राऊनला ७०, तर अंतिम गुणोत्तर ४.१२. लहान गाडीत पहिला गियर साधारण ३.५४५ चा, पाचवा ०.७५७ चा. पहिल्यात एकूण १४.६, पाचव्यात ३.१२. आता १६५/८० आर१४ चं टायर घ्या. त्याचा घेर सुमारे १.९५ मीटर. इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर पहिल्या गियरमध्ये गाडी ताशी २० किलोमीटरने जाईल आणि पाचव्यात ९४ ने. जोराचा हिशेब उलटा. इंजिनाचे ११० न्यूटन-मीटर पहिल्या गियरमध्ये क्राऊनपाशी १६०० होतात. घर्षणात जातं ते सोडलं तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला सुमारे ८००. पहिल्या गियरमध्ये क्लच झटक्याने सोडला की डब्यातून चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट का फुटतो, हे या आकड्यावरून कळेल.

इंजिन आडवं असल्यामुळे त्याचा शाफ्ट आणि चाकांचा एक्सल समांतर असतात. ताकदीला काटकोनात वळावं लागत नाही, म्हणून क्राऊन-पिनियनचे दात गियरसारखेच तिरके. बोलेरोच्या मागच्या एक्सलमध्ये असतो तसा घसटत फिरणारा हायपॉइड दात इथे नसतो. याचे दोन व्यावहारिक परिणाम. एक, दातांना रंग लावून ठसा बघण्याची जुनी कसरत इथे लागत नाही, डिफरन्शियलच्या बेअरिंगचा ताण शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, बरोबर बसवला की झालं. दोन, हायपॉइडसाठीचं कडक तेल इथे लागत नाही, उलट ते नुकसान करू शकतं. त्याबद्दल पुढे.

क्राऊन बोल्टने किंवा रिव्हेटने ज्या घराला जोडलेला असतो, त्या घरात आडवी पिन, पिनवर दोन छोटे स्पायडर गियर आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटलेले दोन साइड गियर. साइड गियरमध्ये ड्राइव्ह शाफ्टची टोकं अडकतात. सरळ रस्त्यावर हे सगळं एका गठ्ठ्यासारखं फिरतं. स्पायडर स्वतःभोवती फिरतच नाहीत. ते जागे होतात वळणावर. आमच्या नागपूरच्या व्हरायटी चौकात यू-टर्न घेताना लहान गाडीचं बाहेरचं पुढचं चाक आतल्यापेक्षा साधारण चार मीटर जास्त चालतं, म्हणजे टायरचे दोन फेरे. तेवढा फरक स्पायडर गिळतात. एक चाक जितकं हळू, तितकं दुसरं जलद, आणि क्राऊनचा वेग नेहमी दोघांची सरासरी.

आवाज कशाबरोबर बदलतो, हे आधी शोधा

डबा उघडण्याआधी वीस मिनिटांची चाचणी घ्या. या डब्यात चार वेग आहेत: इनपुट शाफ्टचा, आउटपुट-क्राऊनचा, स्पायडरचा आणि चाकाचा. आवाज ज्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, बिघाड तिथे. नागपुरात एक अडचण आहे. शहरातले बरेच रस्ते सिमेंटचे झालेत आणि सिमेंटवर टायरचीच घरघर इतकी असते की बेअरिंगचा आवाज त्यात बुडतो. डांबराचा सलग पट्टा शोधा, काचा बंद करा, एसीचा पंखा बंद करा.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच सोडलेला. या अवस्थेत इनपुट शाफ्ट फिरतो आहे, आउटपुट थांबलेला. घरघर येते आणि क्लच दाबताच बंद होते? इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो? ते क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि ते डब्याच्या बाहेर, बेल हाऊसिंगमध्ये, म्हणजे क्लचच्या घरात आहे. या एका चाचणीवर हजारोंचा खर्च इकडचा तिकडे होतो.

आता ताशी ६० वर जाऊन एकेक गियर बदला. एकाच गियरमध्ये ओरड असेल तर ती जोडी किंवा तिचं बेअरिंग. त्यातही पाचवा एकटाच ओरडत असेल तर सगळ्यात आधी तेलाची पातळी बघा. अनेक लहान गाड्यांत पाचवा गियर मुख्य डब्याच्या बाहेर, टोकाच्या झाकणात बसवलेला असतो. तेल कमी पडलं की तहान आधी त्याला लागते. समृद्धी महामार्गावर शिवमडक्यापासून तासन्‌तास पाचव्यात पळणाऱ्या गाडीने तर ही तपासणी निघण्याआधीच करावी.

ताशी ६० वरून न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू द्या. सगळ्या गियरमध्ये येणारा आवाज न्यूट्रलमध्येही तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर खाली आला, तर आउटपुट शाफ्ट किंवा डिफरन्शियलची बेअरिंग, नाहीतर चाकाचं बेअरिंग. शेवटच्या दोघांत फरक करायला रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवा. चाकाच्या बेअरिंगचा आवाज वजन त्या बाजूला गेलं की वाढतो आणि उलट बाजूला गेलं की दबतो. डिफरन्शियलच्या बेअरिंगला या झुलण्याचं फारसं काही वाटत नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून, हळू वेगात, ॲक्सिलरेटर दाबल्यावर कट-कट-कट? ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा, म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट. वेग वाढवताना स्टिअरिंगला आणि सीटला थरथर, ॲक्सिलरेटर सोडला की गायब? डब्याकडच्या टोकाचा, आतला ट्रायपॉड जॉइंट. गियर पुढे-मागे बदलताना एक 'ठक्' येत असेल, तर जॉइंटची खेळ (सैलपणा), स्पायडरच्या पिनची झीज किंवा इंजिन-गियरबॉक्सचं तुटलेलं माउंटिंग, ज्याला गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. फाउंडेशन आधी बघा. ते स्वस्त आहे आणि तुटलेलं अनेकदा डोळ्यांनी दिसतं.

गियर आपोआप सुटतो, हीसुद्धा अनेकदा फाउंडेशनची तक्रार निघते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिरक्या दातांवरचा ढकलण्याचा जोर दिशा बदलतो. इंजिन-गियरबॉक्सचा सगळा लोळा हलत असेल तर गियरच्या केबलला ओढ बसते आणि स्लीव्ह अर्धीच अडकते. फाउंडेशन आणि केबलची जुळवणी बरोबर असूनही तोच गियर सुटतो, तेव्हा मात्र स्लीव्ह सरकवणारा फोर्क किंवा कुलुपाचे दात झिजलेत आणि डबा उतरवावाच लागेल.

जॅकवरची तपासणी

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पुढची दोन्ही चाकं वर आणि गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. इंजिन बंद, गियर पहिल्यात. आता डावं चाक हाताने पुढे फिरवा, उजवं मागे फिरेल. हे डिफरन्शियल बरोबर काम करत असल्याचं लक्षण आहे. फिरवताना खरखर, अडखळ किंवा ठराविक जागी 'कटक्' लागत असेल तर स्पायडर-साइड गियरच्या दातांत काहीतरी आहे. न्यूट्रलमध्ये दुसरं चाक उलट फिरेल किंवा थांबून राहील. दोन्ही चालेल.

मग एकाला उजवं चाक घट्ट धरायला सांगा आणि डावं पुढे-मागे हलवा. थोडी खेळ असतेच, ती सगळ्या दातांच्या फटींची बेरीज आहे. बघायचं ते हे, की खेळ संपताना मऊ थांबते की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो. शेवटी शाफ्ट डब्यात शिरतो तिथला भाग धरून वर-खाली हलवा. तिथे ढिलाई असेल तर नुसतं ऑइल सील बदलून गळती थांबणार नाही. बेअरिंग किंवा शाफ्टची बैठक झिजली आहे आणि नवं सीलही काही महिन्यांत गळू लागेल.

तेल: कोणतं, किती, कसं

अनेक लहान हॅचबॅकमध्ये तेल दोन लिटरच्या आसपास बसतं, पण मॉडेलप्रमाणे हा आकडा बदलतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहितीपुस्तिकेत) बघूनच आणा. प्रत सहसा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०, दर्जा जीएल-४. काही कंपन्या स्वतःचंच पातळ एमटीएफ (मॅन्युअल गियरबॉक्सचं तेल) सांगतात, तिथे दुसरं घालू नका. जीएल-५ हे हायपॉइडसाठीचं तेल. दुकानदार "हे जीएल-४ पेक्षा वरचं आहे" म्हणून देईल. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, हे इथे खरं नाही. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगला खाऊ शकतात, आणि तेल इतकं निसरडं असतं की रिंगला घासून वेग जुळवायला पकडच मिळत नाही. डब्यावर दोन्ही दर्जे लिहिलेलं तेल असेल, तर ते मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलेलं आहे का ते तपासा.

दुसरी नागपुरी चूक म्हणजे नवतपा जवळ आला की 'नव्वद नंबर' ओतणं. बाहेर ४५ अंश आहेत म्हणून जाड तेल हवं, असा हिशेब. पण तासभर पळालेल्या डब्यातलं तेल एरवीही बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असतं. बाहेरच्या दहा-बारा अंशांनी त्याचं फारसं बिघडत नाही. उलट तेच जाड तेल डिसेंबरच्या सकाळी, पारा दहाच्या खाली असताना, दुसरा गियर पडू देत नाही. जाड तेलाने झिजलेल्या बेअरिंगचा आवाज काही दिवस दबतो, एवढंच. जुनी गाडी विकत घेताना तिचा डबा संशयास्पद शांत आणि सकाळचा गियर जड वाटला, तर हे आठवा.

बदलायची वेळ मॅन्युअल सांगेल. ते हाताशी नसेल तर ४० ते ६० हजार किलोमीटर धरा.

गाडी पंधरा मिनिटं चालवून तेल कोमट करा. कढत नको, हात भाजतो. गाडी सपाट हवी. पिट किंवा रॅम्प उत्तम, नाहीतर चारही चाकं सारखी उचलून चार स्टँडवर. फक्त पुढचा भाग उचलला तर तेल मागे झुकतं आणि पातळी खोटी दिसते.

खालचा ड्रेन प्लग सोडण्याआधी वरचा फिलर प्लग सोडून बघा. हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. फिलर प्लग जाम असेल आणि तुम्ही तेल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी रिकाम्या डब्यानिशी जागेवरच अडकेल. प्लग कधी षटकोनी डोक्याचा, कधी चौकोनी खाचेचा. नेमका पाना घ्या. ॲल्युमिनियमच्या डब्यात अडकलेल्या प्लगचं डोकं गोल केलं की पुढचं काम वेल्डरकडे जातं. गंजलेला असेल तर भेदक तेल मारून रात्रभर ठेवा.

मग ड्रेन प्लग. खाली मोजपट्टी असलेलं भांडं ठेवा, कारण किती निघालं हा आकडा कामाचा आहे. दोन लिटरच्या डब्यातून सव्वा निघालं, तर गळती कुठेतरी आहे आणि ती आधी शोधायची. दहा-पंधरा मिनिटं पूर्ण निथळू द्या. प्लगवर चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट नेहमीची. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर नवीन तेल भरू नका, डबा उघडा. तेलात पिवळी चमक दिसली तर पितळी रिंग झिजत आहेत. ती थोडी असेल तर नवं तेल भरून चालवा आणि दहा हजारांनी परत बघा.

प्लगला नवा वॉशर, जुना उलटा करून नाही. काही प्लगला वॉशर नसतो, आट्यांना सीलंट लावतात. कसण्याचा जोर बऱ्याच गाड्यांत २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. टॉर्क पाना नसेल तर निदान लांब दांड्याचा पाना आणि पाय, हे दोन्ही टाळा.

भरताना बॉनेटकडून लांब नळी आणि फनेल लावा, किंवा खालून पिचकारी. तेल फिलरच्या तोंडातून बारीक धारेने परत येऊ लागलं की थांबा, धार थेंबांवर येऊ द्या आणि प्लग लावा. काही नव्या डब्यांना पातळीचं भोक नसतं, तिथे मॅन्युअलमधला आकडा मोजूनच भरायचा. 'थोडं जास्त बरं' इथे लागू नाही. हाताने गियर टाकायच्या मॅन्युअल डब्यांत तेलाचा पंप सहसा नसतोच. क्राऊन गियर अर्धा तेलात बुडालेला असतो आणि फिरताना तेल वर उडवतो, त्यावरच सगळे शाफ्ट जगतात. पातळी जास्त झाली की तो तेलाचा फेस करतो आणि फेस ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून), सीलमधून बाहेर येतो.

निघालेलं तेल नालीत ओतू नका. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

बूट, ड्राइव्ह शाफ्ट आणि सील

सीव्ही जॉइंट सहसा स्वतःहून मरत नाही, त्याचा रबरी बूट फाटल्याने मरतो. बाहेरचा बूट आधी फाटतो, कारण स्टिअरिंगबरोबर तोच वळतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, की त्याच आठवड्यात बूट बदला. पावसाळ्यात आपली काळी माती आत गेली तर ग्रीसचं घासकाम सुरू होतं आणि मग बूटच्या किमतीत भागत नाही. दर सर्व्हिसला स्टिअरिंग पूर्ण वळवून बूटच्या वळ्या बोटांनी उघडून बघा. भेगा वळ्यांच्या तळाशी असतात, वरून दिसत नाहीत.

शाफ्ट काढायचा असेल तर क्रम असा. चाक जमिनीवर असतानाच हबचं मोठं नट ढिलं करा. त्याचा जोर इतका असतो की उचललेल्या चाकावर ते सुटत नाही, आणि सोडायच्या धडपडीत गाडी स्टँडवरून पडते. मग गाडी उचलून डब्यातलं तेल काढा. आधी शाफ्ट ओढला तर ते तसंही तुमच्या अंगावर येणारच आहे. खालचा बॉल जॉइंट सोडून हब बाहेर झुकवा. आतलं टोक डब्यातून काढताना शाफ्ट हाताने ओढू नका, आतला ट्रायपॉड जॉइंट उलगडेल. जॉइंटचं घर आणि डबा यांच्यामध्ये टायर लिव्हर घालून हलका झटका द्या, पण सीलच्या कडेला लिव्हर टेकवू नका. काही डब्यांत दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर आतले साइड गियर जागेवरून सरकतात. म्हणून एका वेळी एकच, किंवा रिकाम्या भोकात जुन्या जॉइंटचा तुकडा घालून ठेवा.

नवं सील डाव्या-उजव्याला वेगळं असू शकतं. त्याच्या ओठावर फिरण्याच्या दिशेच्या बारीक रेघा असतात, बाजू चुकली तर तेल आत ढकलण्याऐवजी ते बाहेर काढतं. ओठाला ग्रीस लावा, जुनं जेवढं आत होतं तेवढंच ठोका. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप नवी. बसवताना 'टक्' ऐकू यायला हवं, आणि मग जॉइंटचं घर धरून बाहेर ओढून बघा, येता कामा नये. हबचं नट ठोकून अडकवायच्या प्रकारचं असेल तर नवंच वापरा. नट कसल्याशिवाय गाडी चाकांवर टेकवू किंवा ढकलू नका, चाकाचं बेअरिंग त्यात जातं.

बूटबरोबर आलेली ग्रीसची पुडी पूर्ण वापरा. बाहेरच्या जॉइंटची मॉलिब्डेनमवाली काळी ग्रीस आणि आतल्याची वेगळी असू शकते, अदलाबदल करू नका.

बेल हाऊसिंगच्या खालून थेंब पडत असेल तर ते इंजिन ऑइल की गियर ऑइल, हे बोटावर घेऊन हुंगा. गियर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. तो आला तर इनपुट शाफ्टचं सील, नाहीतर क्रँकचं मागचं सील. दोन्हींसाठी डबा उतरतो, म्हणून उतरवलाच आहे तर दोन्ही बदला आणि क्लच प्लेटची जाडीही बघून घ्या.

चिखलात आणि पुरात

जुलैत लग्नाच्या लॉनबाहेर काळ्या मातीत एक चाक फसलं की लोक ॲक्सिलरेटर दाबत राहतात. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. घसरणाऱ्या चाकाला जवळपास शून्य लागतो, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. एक चाक थांबलेलं, तर दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरतं. स्पीडोमीटर गियरबॉक्सवरून चालणारा असेल आणि ४० दाखवत असेल, तर ते चाक ८० ने फिरतंय. एरवी जेमतेम हलणारे स्पायडर तेव्हा पिनवर गरगरतात. तिथे तेल कमी पोचतं, पिन तापते, करपते आणि कधी स्पायडरला चिकटून तुटते. तुटलेली पिन डब्याचं ॲल्युमिनियम फोडून बाहेर येऊ शकते.

दहा-पंधरा सेकंदांत गाडी हलली नाही तर थांबा. चाकासमोर गोणपाट, फांद्या, पायपुसणी घाला, दुसरा गियर, क्लच हळू. जुन्या गाड्यांतली हँडब्रेक ओढून बघण्याची युक्ती इथे निरुपयोगी आहे, कारण हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि घसरतंय पुढचं. त्याऐवजी ॲक्सिलरेटरबरोबर डाव्या पायाने पायब्रेक अगदी हलका दाबा. मोकळ्या चाकाला विरोध मिळाला की दुसऱ्याकडेही जोर जातो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या आणि नाग नदीच्या पाण्यात शहरातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीत इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, ट्रान्सॲक्सलकडे कोणाचंच नाही. डब्याच्या माथ्यावर ब्रीदर असतो. गरम डबा पाण्यात अचानक थंड झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या ओठावरून पाणी आत ओढलं जातं. पाणी हबच्या वर गेलं असेल तर इंजिन सुरू न करता, पुढची चाकं न फिरवता गाडी उचलून न्या. ड्रेन प्लग थोडा ढिला करा. पाणी जड, म्हणून आधी तेच टपकेल. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलं आहे.

सगळं काढा. त्याच प्रतीचं स्वस्तातलं तेल पूर्ण पातळीपर्यंत भरा. पुढची चाकं स्टँडवर, मागे ठोकळे, खाली-समोर कोणी नाही, आणि इंजिन आयडलवर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये दहा मिनिटं फिरवा. काढा, परत भरा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हे करा, दोन-तीन वेळा लागतं. शेवटी चांगलं तेल भरून हजार किलोमीटरने पुन्हा प्लग उघडून बघा. रॉकेल किंवा डिझेलने डबा धुऊ नका, ते कोपऱ्यांत राहतं आणि नव्या तेलाला पातळ करतं. हे काम पुढच्या रविवारवर ढकललं तर सुई बेअरिंगना गंज चढलेला असेल आणि पुढच्या काही महिन्यांत घरघर सुरू होईल.

ऑटोमॅटिक असेल तर

एएमटी म्हणजे हाच मॅन्युअल डबा, फक्त क्लच आणि दांडा यंत्र हलवतं. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओने तो रुळवला. तेल मॅन्युअल डब्याचंच. हायड्रॉलिक ॲक्च्युएटर असेल तर त्याचं वेगळं. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक डब्यात एटीएफ (ऑटोमॅटिकचं तेल) आणि पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीत सीव्हीटीचंच फ्लुइड. ही दोन्ही एकमेकांच्या जागी कधीही नाही. त्यांची पातळी सहसा इंजिन चालू ठेवून, ठरावीक तापमानाला बघायची असते. ते स्कॅनर असलेल्या ठिकाणीच करून घ्या.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर ऑटोमॅटिकची पुढची चाकं उचलूनच न्या, नाहीतर फ्लॅटबेड मागवा. इंजिन बंद म्हणजे डब्यातला तेलाचा पंप बंद, आणि पुढची चाकं फिरत राहिली तर आत सगळं कोरडं घासतं. मॅन्युअल डब्यात क्राऊन फिरतो आणि तेल उडवतो, म्हणून न्यूट्रलमध्ये थोडं अंतर चालून जातं.

आणि स्टेपनी. हल्ली अनेक गाड्यांत ती बाकीच्या चाकांपेक्षा लहान असते. पुढचं चाक पंक्चर झालं आणि लांब जायचं असेल, तर स्टेपनी मागे लावा आणि मागचं पूर्ण मापाचं चाक पुढे आणा. पुढे एक लहान, एक मोठं चाक लावलं तर सरळ रस्त्यावरही स्पायडर गियर एक क्षण थांबत नाहीत. नागपूर-अमरावती अंतर, सुमारे १५० किलोमीटर, असं कापलं तर त्या पिनसाठी तो दीडशे किलोमीटरचा सलग यू-टर्न ठरतो.